शिकारीतला पहिला पक्षी घरी माउंट करायचा असेल तर

टॅक्सिडर्मी म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी कृत्रिम शरीरावर चढवून तो जिवंत वाटेल असा उभा करणं, म्हणजेच माउंट करणं. ती म्हटली की नवशिक्या शिकाऱ्याला आधी काचेचे डोळे आणि रुबाबदार पोज आठवते. प्रत्यक्षात यातला बराचसा वेळ चरबी खरवडण्यात, पिसं धुण्यात आणि ती वाळवण्यात जातो. हा भाग कंटाळवाणा वाटत असेल तर पक्षी सरळ एखाद्या व्यावसायिकाकडे द्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पण हाताला बारीक कामाची सवय असेल आणि घाण वासाची फारशी शिसारी नसेल, तर पहिला पक्षी घरच्या टेबलावरही बऱ्यापैकी उभा राहतो.

आधी कायदा. शिकारीचा परवाना असला म्हणून पक्षी माउंट करून घरात ठेवायची मुभा असतेच असं नाही. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली बहुतेक रानपक्षी येतात. रस्त्यावर मरून पडलेला पक्षी किंवा त्याचं नुसतं पीस जवळ ठेवणंही तिथे गुन्हा ठरू शकतं. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीवर बंदी आहे आणि वन्यप्राण्यांच्या टॅक्सिडर्मीलाही परवाना लागतो, त्यामुळे इथे सांगितलेली कृती तिथे रानपक्ष्यावर करून पाहू नये. हात बसवण्यापुरता पाळीव कोंबडा चालतो, आणि खरं तर सगळ्यांनीच आधी एखादा कोंबडा सोलून बघितलेला बरा. तुमच्या भागातले नियम वन खात्याकडून विचारून घ्या. शिकारीची नोंद आणि परवान्याची प्रत पक्ष्यासोबत कायम जपून ठेवा.

कोणता पक्षी घ्यावा

माझं मत विचाराल तर नर फेझंट, म्हणजे कोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा रानपक्षी. वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे बोटांना काम करायला पुरेशी जागा. कातडी पातळ असली तरी बदकासारखी चरबीत बुडालेली नसते. शिवाय मान कवटीवरून उलटी सरकते. बऱ्याच बदकांचं डोकं मानेच्या मानाने मोठं असतं, मग मागच्या बाजूला वेगळी चीर द्यावी लागते. बदक दिसायला सोपं वाटतं म्हणून बरेच जण त्याच्यापासून सुरुवात करतात आणि चरबीशी झगडून सोडून देतात. ससा, खार वगैरे सस्तन प्राण्यांची कातडी कमवावी लागते, ते वेगळंच शास्त्र आहे. पक्ष्याची कातडी मात्र स्वच्छ करून, टाकणखार लावून नुसती वाळवली तरी टिकते.

फेझंटमधली एक अडचण आधीच सांगून ठेवतो. नराच्या चेहऱ्यावरची लाल कातडी वाळली की आक्रसते आणि काळपट पडते. शेवटी ती रंगवावीच लागते.

हंगामाच्या सुरुवातीचे तरुण पक्षी टाळा. त्यांची नवी पिसं अजून नळीतच असतात, मुळाशी रक्त असतं आणि ती सहज गळतात. हंगाम सरता सरता मिळणाऱ्या पक्ष्याचा पिसारा भरलेला असतो. दोन-तीन पक्षी हाती लागले तर सगळ्यात मोठा नको, सगळ्यात कमी फाटलेला निवडा. मोडलेला पाय चालतो, तारेवर सरळ होतो. चोच फुटलेली, शेपटीची पिसं तुटलेली किंवा छर्‍यांनी पाठ चाळली गेलेली असेल तर तो पक्षी खाण्यासाठी ठेवा.

रानात, पक्षी हाती आल्यावर

इथे पाच मिनिटं दिलीत तर पुढचे कितीतरी तास वाचतात. कुत्र्याला पक्षी चघळू देऊ नका. अजून जीव असेल तर मान पिळू नका, त्याने मानेची पिसं जातात आणि कातडीखाली रक्त साकळतं. शेपटीला किंवा मानेला धरून लटकवू नका, पायांना धरा. चोचीत आणि मोठ्या जखमांत कापूस कोंबा, म्हणजे वाटेत रक्त झिरपून पिसांवर पसरणार नाही. पांढऱ्या किंवा फिक्या पिसांवर रक्त लागलंच तर लगेच गार पाण्याने टिपून काढा. गरम पाण्याने ते पक्कं बसतं.

शिकारीच्या पिशवीत पक्षी एकावर एक रचू नका. उबदार पक्षी हवा न लागता पडून राहिला की पोटाकडून सडायला सुरुवात होते. या सडण्यामुळे पिसांची मुळं सैल होतात आणि नंतर धुताना ती झुपक्याने हातात येतात. सुटलेली पिसं परत बसवायचा उपाय नाही. म्हणून पक्षी सावलीत, वाऱ्यावर आधी पूर्ण गार होऊ द्या. आतडी काढायची गरज नाही.

डोळ्याच्या बुबुळाचा रंग, पायांचा रंग आणि चेहऱ्यावरच्या लाल भागाचा आकार यांचे फोटो तिथेच काढा. काही तासांतच हे रंग उतरू लागतात आणि पुढे रंगवताना तुमच्याकडे दुसरा आधार नसतो.

लगेच काम करणार नसाल तर फ्रीजर. पिसं जागच्या जागी बसवा, पंख मिटवा, डोकं छातीशी किंवा पंखाखाली वळवा. पाय आणि चोच ओल्या कागदात गुंडाळा, कारण ते भाग फ्रीजरमध्ये सगळ्यात आधी सुकतात. मग डोक्याकडून नायलॉनच्या लांब मोज्यात सरकवा, शेपटीला पुठ्ठ्याचा आधार द्या आणि हवा काढून दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करा. वर तारीख लिहा. काही महिने आरामात टिकतो. वर्ष उलटलं की कातडी कागदासारखी होऊ लागते.

टेबलावर काय काय हवं

साधनं फार लागत नाहीत. बदलत्या पात्यांचा स्कॅल्पेल, बारीक टोकाची कात्री, चिमटा, तार कापायची पक्कड, सुई आणि मजबूत दोरा, टाचण्या, मोजपट्टी, बोरॅक्स म्हणजे टाकणखार, भांडी घासायचा लिक्विड साबण, हेअर ड्रायर, मक्याचं पीठ किंवा बारीक लाकडाचा भुसा. पाय, पंख आणि मान यांसाठी वेगवेगळ्या जाडीची तार. पायाची तार सगळ्यात जाड आणि ताठ हवी, कारण पक्ष्याचा सगळा भार तिच्यावर येतो. शरीरासाठी लाकडाचे बारीक तंतू, डोळ्यांभोवती भरायला मॉडेलिंगची माती आणि काचेचे डोळे. डोळे अंदाजाने मागवू नका. आधी पक्ष्याचा डोळा मोजा.

हातमोजे घालाच. रानपक्ष्यांतून माणसाला होणारे आजार असतात, बर्ड फ्लू त्यातलाच. आजारी दिसणारा किंवा आपोआप मेलेला पक्षी कधीही घरी आणू नका. टाकणखाराची पूड उडते तेव्हा मास्क लावा. या कामाचे चाकू, परात, टॉवेल स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नका. टाकणखार लागलेलं मांस माणसाला किंवा कुत्र्याला घालू नका.

मोजमाप, सोलण्याआधी

गोठलेला पक्षी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर किंवा गरज पडली तर पूर्ण दिवस ठेवून सुटू द्या. उन्हात किंवा हीटरजवळ नको, बाहेरून सडेल आणि आतून बर्फच राहील. सुटल्यावर पोटाची आणि चेहऱ्याची पिसं हलकेच ओढून बघा. दोन-चार आली तर हरकत नाही. झुपका आला तर हा पक्षी फक्त सोलण्याच्या सरावासाठी.

आता पंख उघडा, मिटवा, मिटल्यावर त्याची पुढची कड छातीच्या पिसांखाली कशी लपते ते पाहा. पक्ष्याला सगळ्या अंगावर पिसं नसतात. ती ठरावीक पट्ट्यांत उगवतात, मधली कातडी उघडीच असते, आणि शेजारच्या पट्ट्यातली पिसं तिच्यावर पसरून ती झाकतात. नवशिक्याच्या माउंटमध्ये पंखाच्या वर जी उघडी फट दिसते ती बहुतेक वेळा पिसं गळाल्यामुळे नसते. हा पट्टा बोटभर सरकलेला असतो, एवढंच. म्हणून सोलण्याआधी पिसं कशावर कशी पडतात याचे दोन्ही बाजूंनी, वरून आणि समोरून फोटो काढा. जिवंत फेझंटचे उभे राहिलेले, चालणारे, मान वळवलेले फोटोही जमवा. दुसऱ्याने माउंट केलेल्या पक्ष्याची नक्कल करू नका, त्याच्या चुकाही सोबत येतात.

सोलणं

पक्षी उताणा ठेवा. छातीच्या मधल्या उंच हाडाच्या खालच्या टोकापासून गुदद्वाराच्या अलीकडेपर्यंत पिसं ओली करून दोन्ही बाजूंना विंचरा. मधे उघडी कातडी दिसेल, तिच्यावर उथळ चीर द्या. फक्त कातडी कापायची, खालचा पोटाचा पडदा फुटला तर आतड्यांची घाण पिसांवर येते. इथून पुढे पातं कमी आणि बोटं जास्त. कातडी मांसापासून ढकलत सोडवा आणि जिथे ओल दिसेल तिथे मक्याचं पीठ टाकत राहा. पायमोजा उलटा करत काढतात तशी ही कातडी निघते. ओढू मात्र नका. ओढलेली कातडी ताणते, आणि मग पुढे मान लांबलचक होते.

पाय कातडीतून वर ढकला, गुडघ्याच्या सांध्यात कापा. खालचं हाड कातडीसोबत ठेवायचं, त्यावरचं मांस खरवडून काढायचं. मग शेपटी. इथे घाई नको. शेपटीच्या लांब पिसांची मुळं ज्या मांसल गोळ्यात रोवलेली असतात तो गोळा कातडीसोबत राहिला पाहिजे, आणि त्याच्या पुढे कणा कापायचा. मुळं कापली गेली तर शेपटी सुटी होऊन हातात येते. शेपटीच्या वर एक तेलग्रंथी असते, ती काढून टाका, नाहीतर तेल झिरपत राहतं.

त्यानंतर पाठ. पाठीवर कातडी सगळ्यात पातळ आणि मांसाला चिकटलेली असते. पंख खांद्याच्या सांध्यात सोडवा. मान उलटी करत कवटीपर्यंत या. कानाच्या जागी कातडीची बारीक पिशवी हाडात शिरलेली दिसेल, ती चिमट्याने उपटून बाहेर काढा. डोळ्यापाशी एक अर्धपारदर्शक पडदा लागतो. पातं डोळ्याच्या गोळ्याकडे झुकवून तो कापा, पापणी शाबूत राहिली पाहिजे. चोचीच्या मुळाशी थांबा. मान कवटीच्या मागे कापा, मेंदू, डोळे, जीभ आणि गालावरचं मांस काढा.

सोललेलं धड फेकू नका. कागदावर आडवं ठेवून त्याची बाजूने आणि वरून बाह्यरेषा काढा. लांबी, छातीचा आणि पोटाचा घेर, मानेची लांबी, मान आणि पाय धडाला कुठे जोडलेले आहेत, सगळं लिहा. पुढचं शरीर तुम्ही याच कागदावरून बनवणार आहात.

चरबी काढणं आणि धुणं

इथेच माउंट टिकणार की नाही ते ठरतं. कातडी आतून उलटी करा आणि पिवळी दिसणारी प्रत्येक जागा खरवडा. व्यावसायिक लोक यासाठी मोटरवर फिरणारं तारेचं चाक वापरतात. पहिल्या पक्ष्याला बोथट चाकू आणि कात्री पुरते, वेळ मात्र जास्त जातो. पिसांच्या मुळांच्या रांगांमध्ये चरबी अडकून बसते. ती राहिली तर काही वर्षांत पिसांवर पिवळट तेलकट डाग उमटतात, कातडी ठिसूळ होते आणि किड्यांना आयतं खाद्य मिळतं. पंखातलं मांस विसरू नका. पंखाच्या खालच्या बाजूने चीर देऊन दोन हाडांमधलं मांस काढा. छर्‍यांची भोकं आणि फाटलेल्या जागा आतून बारीक टाक्यांनी शिवून घ्या.

मग कोमट पाणी आणि साबण. कातडी पाण्यात हळूहळू दाबत धुवा, पिळू नका. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात भिजवा. साबणाचा अंशही राहता कामा नये, राहिलेला साबण पिसं चिकट ठेवतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा.

आता ड्रायर, आणि त्यासोबत चिकाटी. कमी उष्णतेवर, शेपटीकडून डोक्याकडे हवा मारत, बोटांनी पिसं उचलत वाळवा. पिसांच्या मुळाशी असलेला मऊ कापसासारखा थर पूर्ण फुलला पाहिजे. वरची पिसं वाळली म्हणून थांबलात तर पक्षी कायम ओला भिजल्यासारखा दिसेल, नंतर कितीही विंचरलं तरी. कातडी आतून मात्र ओलसरच राहू द्या, वाटल्यास अधूनमधून पाण्याने पुसा. पिसं सुकली की आतल्या बाजूला, पायांच्या हाडांना, कवटीच्या आत, पंखात सगळीकडे टाकणखार चोळा.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकर यांनी यासाठी आर्सेनिक मिसळलेला साबण तयार केला आणि पुढे विसाव्या शतकापर्यंत संग्रहालयांनी तो वापरला. त्यामुळे जुना पेंढा भरलेला पक्षी कुठून मिळाला तर तो झटकू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

शरीर आणि तारा

लाकडाचे तंतू मुठीत आवळून, दोऱ्याने घट्ट गुंडाळत धडाच्या आकाराचा गोळा बनवा. काढलेल्या रेखाचित्रावर ठेवून तपासत राहा. किंचित लहान झाला तर चालतो, मोठा मुळीच नको. मोठ्या शरीरावर शिवण ओढून बसवावी लागते आणि पिसांचे पट्टे जागेवरून हलतात. नुसता पेंढा ठासून भरलेले जुने प्राणी बेढब दिसायचे ते याच कारणाने. आधी शरीराचं शिल्प घडवून त्यावर कातडी चढवायची पद्धत अमेरिकेतल्या कार्ल एकली यांच्यामुळे रुळली. त्यांचं मस्करॅटचं (पाणथळीत राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचं) दृश्य १८९० साली मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी तयार झालं.

मानेसाठी तारेवर कापूस गुंडाळा. जाडी मूळ मानेएवढीच. उलट्या केलेल्या कातडीची मान लांब दिसते, तिला फसू नका, मोजमापाच्या कागदावर विश्वास ठेवा. पायाची तार तळव्यातून घालून, पायाच्या मागच्या बाजूने वर सरकवत हाडाशी बांधा. त्या मार्गातल्या दोरीसारख्या जाड कंडरा आधी तळव्यातून ओढून काढल्या तर तार सहज जाते. पायाच्या ठेवलेल्या हाडाभोवती काढलेल्या मांसाएवढा कापूस बांधा. पंखांच्या तारा हाडांच्या बाजूने शरीरापर्यंत न्या.

कवटीत आणि डोळ्यांच्या खोबणीत माती भरा, कातडी परत उलटवा. शरीर आत घाला, सगळ्या तारा त्यात आरपार नेऊन टोकं वळवून घट्ट रोवा. पायाची तार शरीराच्या बाजूला, मध्याच्या आसपास शिरली पाहिजे. नवशिके ती तळाशी घालतात, मग पक्षी काठ्यांवर उभा केल्यासारखा दिसतो. शिवताना छातीकडून शेपटीकडे, सुई नेहमी आतून बाहेर. म्हणजे पिसं टाक्यात अडकत नाहीत.

पोज

पहिल्या पक्ष्याला उडत्या पंखांची पोज नको. शांत उभा, मिटलेले पंख, मान थोडी वळवलेली, एवढं पुरे. बाजूने पाहिल्यावर पायांची बोटं शरीराच्या भाराच्या बरोबर खाली आली पाहिजेत, नाहीतर तारेने धरून ठेवलं तरी पक्षी आत्ता पडेल असं वाटत राहतं.

पंख शरीरावर टाचणीने धरा आणि खांद्याची पिसं त्यांच्या कडेवर, छातीची पिसं पुढच्या कडेवर पसरवा. ही मांडणी जमेपर्यंत पंख पुन्हा पुन्हा काढून बसवावा लागतो. शेपटी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांत धरून टाचून ठेवा. काचेचे डोळे मातीत बसवल्यावर पक्ष्याकडे समोरून पाहा. बाजूने दोन्ही डोळे बरोबर वाटतात, पण एक वर, एक खाली असेल तर ते समोरूनच कळतं. सुईने पापणी डोळ्यावर ओढून तिचा घेर नीट करा. वटारलेले गोल डोळे हे घाईत केलेल्या कामाचं लक्षण आहे. पिसं चिमट्याने एकेक ओळ बसवा आणि मग अंगावरून बारीक दोरा सैलसर गुंडाळा.

वाळायला दोन ते चार आठवडे, हवामानानुसार. पहिले काही दिवस रोज पाहा, पापण्या आणि पंख आक्रसताना हलतात तेव्हाच ते दुरुस्त करता येतात. एकदा कडक झाले की संपलं. पूर्ण वाळल्यावर दोरा आणि टाचण्या काढा, बाहेर आलेल्या तारा कापा. चेहऱ्याचा लाल भाग, चोच आणि पाय तुम्ही रानात काढलेल्या फोटोवरून पातळ थरांत रंगवा. एका जाड थरात रंगवलेले पाय प्लास्टिकचे दिसतात.

माउंट थेट उन्हात ठेवू नका, रंग उडतो. ओलसर भिंतही टाळा. धूळ मऊ ब्रशने पिसांच्या दिशेने झाडा. खाली बारीक भुशासारखी पूड किंवा अळ्यांच्या कातीचे तुकडे दिसले तर किडे लागलेत. अशा वेळी पक्षी हवाबंद पिशवीत घालून किमान दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पिसांवर पाणी साचतं.